आमच्या गोरक्षणाचे सल्लागार

माणसांनी एकमेकांना द्यायचा सगळा मान उचलून म्हाताऱ्या ढोरांना देऊन टाकणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. सौंसरला आमचं एक गोरक्षण होतं. गोरक्षण म्हणजे थकलेली, लंगडी, आंधळी, कोणालाच नको झालेली गाईबैलं सांभाळायची जागा. एक लांबलचक कोठा, म्हणजे आमच्याकडचा गोठा, एक विहीर आणि एक कमिटी. कापसाच्या जिनिंगचे मालक शेठजी हे अध्यक्ष होते, मी सेक्रेटरी होतो आणि मामाजी सल्लागार. घटनेत सल्लागाराला मताचा अधिकार नव्हता, आणि मामाजींनी तो कधी मागितलाही नाही. त्यांना फक्त सल्ला द्यायचा असे, आणि तो आम्ही मानेपर्यंत ते तिथून हलत नसत.

मामाजींनी उभी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून केली होती. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी जगाची दोन गटांत विभागणी करून टाकली. माणसांना, मग तो तहसीलदार का असेना, ते 'तू' म्हणत. गोरक्षणातल्या बैलांना मात्र 'तुम्ही'. "अहो चांद्या, सरका जरा तिकडं, पाय दुखून राहिला ना तुमचा?" असं ते एका आंधळ्या बैलाशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा कोठ्यात कोणी पाव्हणा आला असेल म्हणून मी टोपी नीट केली. कारण विचारलं तर म्हणाले, "यायनं बारा वर्सं सरकीच्या बंड्या ओढल्या. पेन्शनर हायेत हे. पेन्शनरले अरे-तुरे करत नसतात." माणसांपैकी ते एका मलाच 'तुम्ही' म्हणत, कारण मी जावई. त्यामुळे त्यांच्या 'जवाईबापू, या तुमी' मध्ये मला मानापेक्षा वर्गवारीचाच वास जास्त यायचा. बायकोला हे बोलून दाखवलं तर ती शांतपणे म्हणाली, "पण चांद्यानं बारा वर्षं बंडी ओढली होती. तुम्ही काय ओढलं?"

आमच्या लग्नातच मला खरं म्हणजे कळायला हवं होतं. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर जाऊ द्यायच्या नाहीत, असा मामाजींचा नेम. भाचीचं लग्न म्हणून नेमाला सुटी नव्हती. मांडवाच्या मागे त्यांची बंडी उभी होती, आणि बंडीमागून चालत आलेली मैना नावाची एक भाकड गाय. मी नवरदेव म्हणून पाटावर बसून, फोटोग्राफर सांगेल तिकडे बघत होतो. मानेला काहीतरी ओलसर लागलं. मला वाटलं, कोणी अत्तर लावतंय. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात मी हसतोय, बायको डोळे मोठे करून माझ्या खांद्यामागे बघतेय, आणि माझा झेंडूचा हार अर्धा मैनेच्या तोंडात आहे. मामाजींना कोणीतरी बोल लावला तर म्हणाले, "तिले भूक लागली होती, अन् जवाईबापूंचं जेवण होऊन गेलं होतं." तो फोटो अजून आमच्या घरात आहे आणि पाहुणे आले की बायको तो आवर्जून दाखवते.

मी सेक्रेटरी झालो तो माझ्याच तोंडामुळे. पांढुर्ण्यात आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे गाईशी माझा संबंध चहातल्या दुधापुरता. शिकून सौंसरच्या शाळेत मास्तर झालो, आणि स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी झेंडावंदनाला हेडमास्तरांनी मला भाषण करायला लावलं. तरुण होतो, नुकतंच लग्न झालं होतं, सासरची मंडळी समोर होती. मी देशाच्या बेड्यांवरून सुरुवात केली, त्या पुरेनात म्हणून पिंजऱ्यातल्या पोपटावर आलो, आणि शेवटी दोन्ही हात वर करून म्हणालो, "मुक्या जनावरांच्या गळ्यातले दोर ज्या दिवशी तुटतील, त्या दिवशी माझं स्वातंत्र्य पुरं होईल!" टाळ्या पडल्या. संध्याकाळी मामाजी घरी आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "भाषण चांगलं झालं. उद्या सकाळी सहाले कोठ्यात या. सेक्रेटरी पायजे आमाले." मी म्हणालो, "मामाजी, मला गाईंची भीती वाटते." ते म्हणाले, "त्याईले बी मास्तरची वाटत असन. होते सवय."

मामाजींच्या आग्रहामुळे कमिटीची सभा कोठ्यातच भरे. ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांच्यासमोर ठरवायचं, हा त्यांचा पहिला सल्ला. शेठजी पांढरंशुभ्र धोतर सावरत पोत्यावर बसत आणि सभा संपेपर्यंत ते धोतर पांढरं राहत नसे. दुसरा सल्ला ढेपेचा. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आली की मामाजी आधी स्वतः एक तुकडा चावून बघत आणि मग सभासदांच्या तळहातावर एकेक ठेवत. "खाऊन पाहा. आपल्याले नाही गेली तं त्याईले काहून जाईन?" शेठजींनी एकदा चावून थुंकली आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून ताज्या ढेपेची पोती आली. मी मात्र, नाही म्हणता येतं हे ठाऊक नसल्यामुळे, अख्खा तुकडा गिळला, आणि वर "चवीला बरी आहे" असंही बोलून गेलो. तेव्हापासून प्रत्येक पोत्यातला पहिला तुकडा माझा.

अशी आमची वर्षं चालली होती, आणि मग राज्यांची पुनर्रचना आली. नागपूर ही आमची राजधानी होती. सकाळी निघावं, काम करावं, रात्री घरी येऊन जेवावं. ते नागपूर एका सकाळी मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, राजधानी भोपाळ. माणसं पारावर बसून खूप बोलली. मीही बोललो, माझ्याजवळ तेव्हा प्रत्येक प्रश्नावर मत असे. मामाजींनी एकच विचारलं, "गवत कुठल्या राज्यात गेलं?"

प्रश्न बरोबर होता. गोरक्षणाचं वर्षाचं गवत लोधीखेड्याच्या पुढे एका पाटलांच्या कुरणातून येत असे. पाटील ते धर्म म्हणून देत, आणि दिवाळीनंतर पंधरावीस बंड्या भरून इकडे येत. आता कुरण पलीकडच्या राज्यात आणि तोंडं इकडच्या. त्या वर्षी बंड्या नव्या नाक्यावर अडल्या. परवान्याशिवाय चारा राज्याबाहेर जाणार नाही. मी म्हणालो, "मामाजी, काळजी नको. अर्ज लिहिणं माझ्याकडे."

नागपूरला लिहिलं, तर उत्तर आलं की तुम्ही आता आमचे नाही. भोपाळला लिहिलं, तर उत्तर आलं की हिंदीत लिहा. मग मी हिंदीत लिहिलं. माझी हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. रात्र रात्र न जागता, भर दुपारी, शब्दकोश न उघडता, पूर्ण आत्मविश्वासाने मी लिहिलं की राज्यांच्या भांडणात निरपराध जानवरों को शिक्षा न दी जाए. शिक्षा म्हणजे हिंदीतही दंडच, असं मला आपलं वाटत होतं. दीड महिन्याने शिक्षण बघणाऱ्या कुठल्याशा कचेरीतून अत्यंत सभ्य उत्तर आलं की पशूंना शिक्षण देण्याची कोणतीही योजना तूर्त विचाराधीन नाही, तरी आपण निश्चिंत असावे. ते पत्र मी मामाजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "जवाईबापू, पत्र चांगलं हाय. पण खाता येत नाही."

चैत्र संपता संपता जुन्या गवताची गंजी तळाला लागली. संत्र्याच्या बागांतला पाला, बाजारातली सालपटं, शाळेच्या आवारातलं गवत, सगळं झालं. ढोरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मग शेठजींनी सभा बोलावली. माणूस वाईट नव्हता तो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "सगळेच मरण्यापेक्षा थोडे कमी करू. अकरा जनावरं बाजारात पाठवू." म्हातारी ढोरं बाजारातून पुढे कुठे जातात हे कोठ्यात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी तर सेक्रेटरी. मी ठराव लिहिला. 'संख्या मर्यादित करणेबाबत' असं त्याला नाव दिलं, खाली अकरा नावांची यादी केली, आणि खरं सांगतो, अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मी कागद जरा लांब धरून पाहिला.

मामाजींनी तो कागद घेतला, वाचला आणि मला परत दिला. "वाचा."

"वाचला ना तुम्ही."

"मले नाही. त्याईले वाचून दाखवा. ज्याचं नाव हाय त्याच्यापुढं उभे राहा अन् वाचा. भाषण करता ना तुमी? मोठ्यानं वाचा."

मी उठलो. पहिलं नाव चांद्याचं होतं. त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चांद्या." एवढंच. त्या आंधळ्या बैलानं आपलं नाव ऐकलं, कान टवकारले, मान माझ्या आवाजाकडे वळवली आणि जीभ बाहेर काढून माझा हात शोधायला लागला. त्याचा समज असा की काही खायला आणलंय. माझ्या हातात तो कागद होता. मी तो खिशात कोंबला. दुसरं नाव मी वाचलं नाही. शेठजी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते.

"मंग काय करावं, सल्लागार?" त्यांनी विचारलं.

"गवत येऊन नाही राहिलं ना?" मामाजी म्हणाले. "तं आपण जाऊ."

"एवढी लंगडी ढोरं घेऊन? भर उन्हाळ्यात? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते चालता चालता ऐकू."

शाळेला सुटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे एकतीस ढोरं, मामाजी आणि मी असे निघालो. बायकोनं भाकरी बांधून दिल्या आणि मामाजींना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाली, "मामा, यांच्यावर लक्ष ठेवजो. बाजारातून भाजी आणताना पिशवी विसरून येतात." रस्त्यात मामाजींचा नियम एकच: सगळ्यात लंगडं जनावर सगळ्यात पुढे, आणि त्याच्या चालीनं बाकी सगळे. म्हणजे मागे कोणी राहत नाही. पहिल्या दिवशी पुढे मैना होती. मी या मोहिमेसाठी मुद्दाम नवे बूट घेतले होते. बोरगाव येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले, लोधीखेड्याला ते फुटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामाजींनी माझी चाल एकवार बघून मैनेला मागे घेतलं आणि मला पुढे घातलं. पांढुर्ण्याच्या माणसाचं डोकं दगडाचं असतं असा सौंसरात समज आहे. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरच्या गोटमारीत आम्ही पलीकडच्या सावरगावकरांचे गोटे खातो म्हणून. पायांबद्दल तसं कोणीच म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुपारी उन्हात चालणं शक्य नव्हतं. एका आंब्याखाली थांबलो. ढोरं बसली. मामाजी माझ्या टाचांना हळद आणि तेल लावत होते, बैलाच्या खुराला लावतात त्याच तयारीनं. मला संकोच वाटत होता. बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामाजी, तुम्हाला यांचा एवढा लळा कसा लागला?"

ते हात न थांबवता म्हणाले, "दवाखान्यात म्हातारं ढोर आलं, का डॉक्टर पाहत अन् सांगत, चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर एकच शब्द राहे. निकामी. सही डॉक्टरची. पण लिवाचं काम माझं. माझं अक्षर चांगलं होतं ना, मनून मलेच लावत. किती लिवल्या कोणाले मालूम." मग त्यांनी चिंधी बांधली, गाठ मारली. "तुमचं बी अक्षर लई चांगलं हाय, जवाईबापू. सांभाळा त्याले."

खिशात तो कागद तसाच होता. उन्हं उतरल्यावर निघालो तेव्हा मी तो चुरगाळून शेतात फेकायला गेलो, तर मैनेनं तो खाल्ला.

नाक्यावर एक तरुण कारकून बसला होता. त्यानं रजिस्टर उघडलं. "कामाचे बैल हायेत?"

"नाही," मामाजी म्हणाले.

"विकायले?"

"नाही."

"दुभत्या गाई?"

"एकही नाही."

"मंग लिवू काय? कारन लिवा लागते इथं."

"पाहुणे लिव. उन्हाळा काढाले चालले. पाऊसपानी झालं का वापस."

कारकून हसला, मग रागावला. ढोरं पाहुणी कशी असतील, म्हणाला. परवाना आणा, म्हणाला. ढोरांनी मात्र त्याचं म्हणणं ऐकून घेण्याऐवजी रस्त्यावरच बैठक मारली. एकतीसच्या एकतीस, आडवी. नागपूरकडून मोटार आली, थांबली, भोंगा वाजवू लागली. इकडूनही एक आली. मामाजींनी कारकुनाला सांगितलं, "उठवून पाहा बाबू. तुह्या शब्दाले मान असन तं उठतील." त्यानं दोन शेपट्या पिळून पाहिल्या. मीही, सेक्रेटरी या नात्यानं, एक ओढली, आणि चिखल नसतानाही चिखलात बसल्यासारखा खाली बसलो. अर्ध्या तासानं कारकून घामाघूम होऊन रजिस्टरकडे परतला. "वापस येतील याची हमी कोनाची?"

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे जवाई. सरकारी मास्तर. यायची सही घे."

मी सही केली. 'पाहुणे, एकतीस. परत येणार.' मामाजी मैनेजवळ वाकून काहीतरी बोलले आणि ती उठली. तिच्यामागे बाकीची उठली. ते तिला काय म्हणाले हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

पाटलांच्या कुरणात ढोरं आधी थोडा वेळ नुसती गवतात उभी राहिली, मग खायला लागली. शाळा उघडायच्या वेळी मी परतलो. मामाजी तिथेच एका झोपडीत राहिले. श्रावणात इकडे हिरवं झालं आणि ते निघाल्याचा निरोप आला, तेव्हा रविवार बघून मी नाक्यावर गेलो. सही माझी होती. लांबून कळप दिसला, बरगड्या भरलेल्या, मैना पुढे. मी मोजले. एकोणतीस. पुन्हा मोजले. चांद्या नव्हता आणि एक जुनी गाय नव्हती. मी तिसऱ्यांदा मोजले. त्यात किती दुःख होतं आणि किती सरकारी नोकरीची भीती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कारकुनानंही मोजले. "दोन कमी हायेत."

"दोघं मुंबई राज्यात राहिले," मामाजी म्हणाले.

"राहिले म्हंजे?"

"राहिले. गवतातच बसले होते, पोट भरून. सकाळी उठले नाही."

कारकुनानं लेखणी दौतीत बुडवली. मग त्यानं लिहिलं, 'एकोणतीस परत. दोन राहिले.' आणि अडसर स्वतः उठून वर केला.

पुढच्या वर्षापासून परवाना रीतसर मिळू लागला. अर्ज शेठजींच्या मुनिमानं लिहिला होता. मामाजींनी आणखी आठ वर्षं सल्ला दिला. शेवटची दोन वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी पाठीवरून हात फिरवून कोण कोण ते बरोबर सांगत. माझ्या पाठीवर हात पडला की म्हणत, "हे मास्तर. थोडे वाळले हायेत." एका हिवाळ्यात चार दिवस अंथरुणाला खिळले आणि गेले.

तिसऱ्या प्रहरी सगळं आटोपलं. अख्खी कमिटी घाटावर होती. रात्री कधीतरी जाग आली तेव्हा माझ्या मनात आलं की दिवसभरात कोठ्यात कोणीच गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गेलो. मनात कुठेतरी एक चित्र होतं, माझ्यासारख्या भाषणं करणाऱ्या माणसाच्या मनात असतंच. ढोरं माना टाकून उभी असतील, डोळ्यांतून पाणी गळत असेल, वैरणीला तोंड लावणार नाहीत. मी दार उघडलं. सगळी एकदम हंबरली. मी कडबा टाकला, तर त्यांनी त्याचा फडशा पाडला. ढेप भिजवली, तीही संपली. एकानं मला ढुशी दिली, आणखी आण म्हणून. क्षणभर मला फार राग आला त्यांचा. मग तिथल्याच पोत्यावर बसलो आणि ती खाताना होणारा आवाज ऐकत राहिलो. कितीतरी वर्षं तो माणूस रोज सकाळी हाच आवाज ऐकत इथे बसला असेल. थोड्या वेळानं उठून मी आणखी ढेप भिजवली. त्या दिवशी शाळेत जायचं राहून गेलं.